बादलचं डोकं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. व्याख्यान संपलं की कुणी ना कुणी विचारतंच — गुरांचे डॉक्टर तुम्ही, जंगली जनावरांच्या रोगांकडे कसे वळलात? मी अहिवाऱ्याच्या खाणींजवळ मरून पडलेल्या कोल्ह्यांची गोष्ट सांगतो. ती खरी आहे. पण अर्धीच.

तेव्हा भिलाईत, कोहक्यात माझा छोटा दवाखाना होता. ते कोल्हे का मरतात, याचा मी ध्यासच घेतला होता. वस्तीतल्या कुत्र्यांचा डिस्टेंपर, हा मेंदूपर्यंत जाणारा रोग, त्यांना लागतोय, अशी माझी खात्री होती. पण पुरावा? त्यासाठी आजारी कुत्र्याचा ताजा, न फुटलेला मेंदू हवा. आणि आपल्या कुत्र्याची कवटी कोण उघडू देणार?

एके दिवशी खुर्सीपारहून मैनाबाईंचा फोन आला. भंडाऱ्याकडच्या बाई. नवरा पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होता. तो वारल्यावर घरात त्या आणि त्यांचा कुत्रा बादल, एवढेच. मी पोचलो तेव्हा बादल दारात झटके देत पडला होता. जबडा काही चघळल्यासारखा हलत होता, तोंडाला फेस. फेस पाहून गल्ली जमली होती — काठ्या, लोखंडी सळया घेऊन.

मी वाकलो. नाकात पू, पंजे कडक झालेले. डिस्टेंपर — लगेच ओळखलं. तो वाचणार नव्हता, हे खरं. माझ्या बॅगेत त्याला शांतपणे झोपवायचं इंजेक्शन होतं, हेही खरं.

"डॉक्टर, पागल है के नहीं?" कुणीतरी ओरडलं.

पिसाळलेल्या कुत्र्याचं डोकं तपासणीला न्यायचं तर मालकाला कोण विचारतं? — माझ्या मनात एवढंच आलं. खोटं कशाला बोलू, दुसरं काही आलंच नाही.

"हाँ, पागल है," मी म्हणालो.

पहिली सळई कमरेवर बसली. हाड मोडल्याचं मी ऐकलं. मग मला काळजी वाटली — मेंदूची — आणि मी घसा फाडून ओरडलो, "सर पे मत मारना!"

त्यांनी ऐकलं. पाय मोडले, बरगड्या आत गेल्या, आणि तो पोटावर घसटत मैनाबाईंकडे सरकत राहिला. डोक्यावर एकच घाव बसता तर सुटला असता ना? मैनाबाई मध्ये पडल्या, तर त्यांच्या मनगटावर सळई बसली. तरी मी जागचा हललो नाही. नीच होतो मी.

डोकं बर्फात घालून नेलं. डिस्टेंपरच निघाला. त्याच नमुन्यावर मला संशोधनात जागा मिळाली, पुढे नावही झालं.

मी भिलाई सोडायच्या आधी मैनाबाई दवाखान्यात आल्या. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्यात चिवड्याचा डबा. वाटलं, आता थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"सारे मारून राहिले होते, डाक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "तुमीच एकटे वरडले, डोक्यावर मारू नका मनून. माह्या बादलले तुमीच वाचवाले पाह्यलं."

मी मान डोलावली — आणि डबा घेतला.