डच चित्रकाराची टोपी

पंच्याऐंशीच्या सुमारास ओहायोतल्या एका म्युझियममध्ये मी गार्ड होते. माझ्या दालनात दर रविवारी नागपूरकडचे एक काका घडीचं स्टूल घेऊन यायचे आणि एका जुन्या डच चित्राची नक्कल करत बसायचे. चित्रातला चित्रकार आपल्या स्टुडिओत पाठमोरा बसून रंगवतोय, आणि त्याच्यापुढे हे काकाही पाठमोरेच. नक्कल पुरी झाली की त्यांचं म्युझियममध्ये बसून रंगवायचं परमिट संपणार होतं.

मी सातवीत शाळा सोडलेली, इंग्रजीची कायम धास्ती. आठवड्यात मराठी कानावर पडायचं ते काकांचंच, तेही मागे न वळता. "जेवली का, पोरी? सरळ उभी राहा, सुपरवायझर बघून राहिला." तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

एका रविवारी चित्र पुरं झालेलं दिसलं.

"झालं का, काका?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "टोपी बिघडली," आणि टर्पेंटाइनच्या फडक्यानं त्यांनी आपल्या नकलेतल्या चित्रकाराची टोपी पुसून टाकली. टोपी हुबेहूब उतरली होती.

तेवढ्यात सुपरवायझर आला. "फिनिश्ड?" त्यानं मलाच विचारलं.

"नो, सर," मी म्हटलं. "हॅट नॉट गुड."