अक्कांची आवडती दुष्ट बाई

दुपारी दोनला मालिका पुन्हा दाखवतात. त्या वेळी समोरच्या खोलीतल्या अक्का सूप घेऊन माझ्याकडे यायच्या. सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. मी शाळेचे गणवेश शिवायची, त्या विड्या वळायच्या. मी एकटी, त्याही एकट्या. घरात माणसाचा आवाज हवा म्हणून टीव्ही.

मालिकेतली थोरली सून गुणाची. ती दिसली की अक्का म्हणायच्या, "आली रडकी. चल, हात चालवू." धाकटी जाऊ आली की मात्र त्यांचे डोळे पडद्यावरून हलत नसत. सासऱ्याचं घर मिळवण्यासाठी ही बाई वाटेत येईल त्याला आडवं करत होती. एकदा तिने थोरलीच्या लग्नाचा शालू चुलीत घातला. त्या दुपारी अक्कांनी तंबाखू न भरताच चार-पाच विड्या बांधल्या. कारखान्यात तपासणाऱ्याने त्या बाजूला काढून विचारलं, "अक्का, ह्या उपासाच्या का?"

"लई वंगाळ बाई हाय," अक्का मला म्हणाल्या, "पन धरलेलं सोडत न्हाय बग."

बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं, कारण ते तास सकाळी असत आणि दुपारी शिलाई करता येई. युरोपातल्या रोमँटिक विचारवंतांवर एक प्रश्न हमखास यायचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस काय मागतो यापेक्षा किती जीव ओतून मागतो ते मोठं. बेतानं चांगलं वागणाऱ्यापेक्षा सगळं पणाला लावून वाईट वागणारा त्यांना पुरा माणूस वाटे. तेव्हा पाठ करून लिहिलं. अक्कांशेजारी बसून पटलं, तेही अर्धंच. ती जाऊ आमच्या चाळीत राहायला आली असती तर मी पहिल्याच दिवशी पोलिसांत गेले असते. पडद्यावरची आग आपल्याला भाजत नाही, नुसती ऊब देते. शिवाय ती जाऊ "मला हवं" एवढंच म्हणते, कारण देत नाही. मी आजवर जे मागितलं ते कारणासकट. कारण सापडलं नाही तर मागितलंच नाही.

उन्हाळ्यात अक्कांना मुलाने पुण्याला कायमचं राहायला बोलावलं.

"जाऊ का गं?" सूप खाली ठेवून त्यांनी विचारलं.

जाऊ नका, असं तोंडापर्यंत आलं होतं. "जा की," मी म्हणाले. "अंगठा दुखतो तुमचा. तिथे आराम पडेल."

"तू जा म्हन्तीस?"

"मी कोण सांगणारी?"

"व्हय, तू कोन," म्हणून त्या उठल्या.

त्या गेल्यावर मी मालिका लावली नाही. दुपारभर मशीनची खडखड तेवढी. दुसऱ्या आठवड्यात फोन केला.

"अक्का, परत या."

"का गं? बरं न्हाय का?"

"बरी आहे."

"मग कशाला यिऊ? खोली सोडली की मी. हितं सुनेला काय सांगू?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "या."