ऊस गेला की कळवतो

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आजवर मी दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं पाठ करून बोलत आलो, आणि तीही फार मोठी नसतात. सध्या मी बाहेरून बी.ए. करतो आहे. आमच्या अभ्यास केंद्राच्या बाईंनी वार्षिक अंकासाठी गाव सोडून आलेल्यांपैकी कुणीतरी लिहा असं सांगितलं. वर्गात गाव सोडून न आलेलं कुणीच नव्हतं, तरी सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं, कारण मी टीव्हीवर दिसतो. टीव्हीवर दिसणाऱ्याला लिहिताही येत असेल असं लोकांना का वाटतं, मला समजत नाही. शुद्धलेखनाच्या चुका बाईंनी काढल्या आहेत. उरलेल्या माझ्या.

मी निमगाव केतकीहून निघालो तेव्हा तात्या, म्हणजे माझे वडील, स्टँडवर सोडायला आले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बारामतीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षापर्यंत पोचलो, एकांकिका स्पर्धेत एक बक्षीस मिळालं, आणि कॉलेज अर्धवट सोडून मुंबईला निघालेलाही मी पहिलाच. आई रागानं घरीच थांबली होती, पण धपाटी बांधून दिली होती. धाकटी बहीण स्वाती शाळेचा गणवेश घालूनच आली होती. ती म्हणाली, टीव्हीत गेलास की मला हात कर. तात्यांनी वाद घातला नाही. एसटी येईपर्यंत माझी बॅग त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून खाली ठेवली नाही, आणि एकच गोष्ट सांगितली.

"कुणी इचारलं कुठला, तर निमगाव केतकी सांग. नुसतं पुण्याकडचा म्हणू नगंस. पुण्याकडं लई गावं हायत."

मुंबईत मला कुणी कुठला असं विचारलंच नाही. मीरा रोडला आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो, सगळेच नट व्हायला आलेले. कामाला बोलावणारे लोक चेहऱ्याकडे बघून फोनवर सांगायचे, "आहे एक, वेस्टर्न महाराष्ट्र टाइप." गावाचं नाव सांगायची सवय तशी मोडली. पहिली काही वर्षं मी गर्दीत होतो. नंतर वेटर झालो, हवालदार झालो, "साहेब, गाडी तयार आहे" म्हणणारा ड्रायव्हर झालो. दोनदा प्रेत झालो. एकदा प्रेत असताना शिंक आली, आणि पुढच्या वेळी त्यांनी दुसरं प्रेत आणलं.

मग संवाद मिळायला लागले, आणि वैताग खऱ्या अर्थानं सुरू झाला. एका मालिकेत मला वाक्य होतं, "म्या जातुया नव्हं का रं बाबा." मी हळूच म्हणालो, आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. दिग्दर्शकानं विचारलं, "तू कुठला?" मी गाव सांगितलं, पहिल्यांदाच.

"मग ते थोडं विसर," तो म्हणाला. "गाव आहे हे प्रेक्षकांना कळलं पाहिजे."

मी विसरलो. म्हणजे कॅमेऱ्यासमोर विसरलो. त्या आठवड्यात तात्यांचा फोन आला, "तू कुठल्या गावचं बोलाय लागलायंस? हितं समद्यांनी मला इचारलं." मी काय सांगणार? मी म्हणालो, तात्या, ते लिहून देतात. ते म्हणाले, "लिहिणाऱ्याला हितं पाठीव की चार दिस."

आमच्या धंद्यात माझ्यासारख्याला कॅरेक्टर आर्टिस्ट म्हणतात. हिरो नाही, हिरोईनही नाही, पण ज्याच्यावाचून गोष्ट अडते असा माणूस. हे मी आईला एकदा गौरी-गणपतीत समजावून सांगितलं होतं. ती करंज्या तळत होती. झारा तसाच हातात धरून म्हणाली, "कॅरेक्टर म्हंजी? अमक्याचं कॅरेक्टर चांगलं न्हाय म्हणत्यात, तसलं?" मी नाही म्हणालो. पण पुढच्या वर्षी मला सर्जेराव मिळाला, आणि आईचंच खरं ठरलं.

सर्जेराव हा मालिकेतल्या हिरोईनचा दीर. विधवा वहिनीची जमीन लाटायची म्हणून तो तिला रोज छळतो. तिची भांडी अंगणात फेकतो, तिच्यावर हात उगारतो. इतकं मोठं काम मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. रस्त्यात लोक ओळखायला लागले, म्हणजे शिव्या द्यायला लागले. आमच्यात तो मान समजतात. भाजीवाल्या मावशी मला कोथिंबीर द्यायच्या बंद झाल्या. मी खूश होतो. त्या दिवसांत मी फुशारकीनं बी.ए.चा अर्जही भरला. वाटलं, आता जम बसला, राहिलेलं शिक्षण पुरं करावं.

आणि तेव्हाच स्वातीला पणदऱ्याचं स्थळ आलं.

स्वाती आता नर्सिंग करून बारामतीत नोकरी करते. मुलगा डेअरीत कामाला, घरची शेती, माणसं चांगली. एका लग्नात त्यानं तिला पाहिलं, तिनंही त्याला पाहिलं होतं, आणि तिनं मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "दादा, मला हेच हवंय. तू मधी काय घोळ घालू नगंस." मी घोळ कसला घालणार? पण आईलाही तीच काळजी होती. ती म्हणाली, "बघायला येत्याल तवा तू येऊ नगंस. लोकं टीव्हीत बघत्यात त्येच्यावरच जात्यात." तात्या म्हणाले, "सख्ख्या भावाला लपवून सोयरीक करायची व्हय?" शेवटी मी गेलो. मिशी काढून जायचा विचार होता, पण शूटिंग चालू असताना मिशी काढता येत नाही. म्हणजे सर्जेराव जसाच्या तसा घरी आला.

पाहुणे चार जण आले. मुलगा, त्याची आई, वडील बापूराव आणि बापूरावांच्या आई. या आजी पोहे न खाता माझ्याकडेच बघत बसल्या होत्या. मी पाणी द्यायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "त्यो तूच न्हवं?"

"व्हय आजी."

"किती छळतो रं त्या पोरीला. लाज वाटत न्हाय?"

"आजी, ते खोटं असतं. ती बाई आणि मी डबासुद्धा एकत्र खातो."

"खोटं असंल. पर हात उगारला तवा जराबी अडखळला न्हाईस."

खरं सांगतो, क्षणभर मला फार बरं वाटलं. कामाबद्दल असं कुणी आजवर बोललं नव्हतं. मग मी स्वातीकडे पाहिलं. इतका वेळ पाहुण्यांशी धीटपणे बोलणारी ती आता मान खाली घालून बसली होती आणि पायाच्या अंगठ्यानं सतरंजी उकरत होती.

निघताना बापूरावांनी तात्यांना हात जोडले आणि म्हणाले, "ऊस गेला की कळवतो."

संपलं, मी मनात म्हणालो. हे 'कळवतो' मला पाठ आहे. ऑडिशन दिली की तिथल्या ऑफिसातली पोरं दारापर्यंत सोडायला येतात आणि म्हणतात, सर, चॅनलकडून आलं की कळवतो. डिरेक्टरचं फायनल झालं की कळवतो. 'कळवतो'च्या आधी जे काही येतं ते निमित्त असतं, आणि 'कळवतो' म्हणजे नाही. माझ्यासाठी मुली बघितल्या तेव्हाही हेच ऐकलं. मुलाला नोकरी काय, म्हणून विचारायचे, मग चहा प्यायचे, मग कळवतो. आजवर एकानंही कळवलेलं नाही.

मुंबईला परत आलो तर आईचे फोन सुरू. पणदऱ्याहून काही आलं नाही. मुलीकडच्यांनी आपणहून पुन्हा विचारायचं नसतं, घाई दिसते, त्यामुळे कुणी विचारतही नव्हतं. शेजारच्या काकू आईला रोज सांगायच्या, काल तुझ्या पोरानं वहिनीला उंबऱ्याबाहेर काढलं बघ. आई एकदा फोनवर रडली. "तुज्यामुळं म्हणत न्हाय मी," ती म्हणाली, म्हणजे तेच म्हणत होती. स्वाती काहीच बोलत नव्हती, आणि ते मला जास्त लागत होतं. तात्यांना विचारलं तर म्हणायचे, "ऊस कारखान्याला जायचाय अजून त्येंचा." मला वाटायचं, तात्या भोळे आहेत, त्यांना बाहेरचं जग माहीत नाही.

मग मी एक गोष्ट केली. आमच्या मालिकेचे भाग लिहिणाऱ्या मॅडमना भेटलो आणि म्हणालो, सर्जेरावाला सुधारा. त्याला पश्चात्ताप होऊ दे, वहिनीच्या पाया पडू दे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"दादा, तुम्ही पाया पडलात तर उद्यापासून दाखवायचं काय?"

मी स्थळाचं सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, सुधारणं चॅनल मान्य करणार नाही, फार तर ट्रॅक बंद करता येईल. आमच्या भाषेत ट्रॅक बंद म्हणजे माणूस संपला. काम गेलं. मी विचार करायला एक रात्र मागितली. पण विचार काय करणार? जिनं मला टीव्हीतून हात कर म्हणून सांगितलं होतं, तिच्या होऊ घातलेल्या सासरी लोक माझा उगारलेला हात बघत होते. मी हो म्हणालो.

मला वाटलं होतं, निदान शेवटचा एक प्रसंग देतील. विहिरीत पडणं, गोळी, काहीतरी. त्यांनी मला बोलावलंच नाही. एका भागात गडी धावत आला आणि म्हणाला, "वहिनीसायब, सर्जेरावास्नी पोलिसांनी नेलं." बस. मी खोलीत एकटा बसून ते बघितलं. वहिनी जेवत होती, ती जेवत राहिली.

आता मी घरी असतो. सकाळी अभ्यास करतो, दुपारी फोनची वाट बघतो, ऑडिशनला जातो, लोक कळवतो म्हणतात. मीरा रोडच्या या खोलीला मी घर म्हणतो हे लिहिताना माझ्या लक्षात आलं. गावाला गेलो की 'घरी चाललो' म्हणतो, आणि गावाहून निघतानाही 'घरी चाललो' म्हणतो. आई एकदा त्यावर म्हणाली होती, "मग हे काय हाय? लॉज?" गावी राहिलेल्यांना वाटतं आम्ही इकडे सुखात आहोत. इकडे आलेल्यांना वाटतं गावी राहिलेल्यांना काही कळत नाही. मला दोन्हींचा कंटाळा आला आहे, आणि दोन्हीत मीच आहे.

हा लेख इथपर्यंत लिहून ठेवला होता. पुढं काय लिहायचं सुचत नव्हतं. मग परवा दुपारी तात्यांचा फोन आला. त्यांनी आधी जेवलास का विचारलं, मग इकडं ऊन किती आहे ते विचारलं. मग म्हणाले, "सर्जेराव का दिसंना रं? काढला का तुला?"

मी इतके दिवस दाबून ठेवलं होतं, ते सगळं बाहेर आलं. मी म्हणालो, मीच सोडलं, स्वातीसाठी सोडलं, आणि तरी त्या लोकांचं काही आलं नाही. तुम्ही आपले ऊस ऊस करत बसलाय. कळवतो म्हणजे नाही असतं तात्या, सगळ्या जगात नाही असतं.

मला वाटलं फोन कट झाला, मी हॅलो हॅलो केलं.

"आरं, ऊस उभा असताना कोण सुपारी फोडतं का?" ते म्हणाले. "कारखान्याची ऊस तोडायची टोळी आली न्हवती त्येंची. समदं घर रानात. बापूराव म्हणला ऊस गेला की, म्हंजी ऊस गेला की. तू काय उसात वाढला न्हाईस व्हय?"

मी समोरची वही मिटली.

"आन कळवतो म्हंजी न्हाय, ह्ये कुणी शिकवलं तुला? तू न्हाय का दर दिवाळीला म्हणत, शूटिंग बघून कळवतो? तुजी आई फराळ झाकून ठिवती. मी म्हणतो खाऊन टाकू, ती म्हणती कळवतो म्हणालाय. आमी थांबतोच की रं."

त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं. मला समजावून सांगत होते, लहानपणी घड्याळ समजावून सांगायचे तसं. मी तात्यांना दर वर्षी जे सांगत आलो ते 'नाही' होतं, हे त्यांना अजूनही कळलेलं नाही, आणि मी ते सांगितलंही नाही. इतकी वर्षं मी माझ्या भाषेचं काय झालं म्हणून दिग्दर्शकांवर चिडत होतो.

"असूंदे," ते म्हणाले. "परवा त्येंचा ऊस गेला. आन आत्ता बापूराव सोता गाडी घिऊन आलं हुतं. म्हातारीची पसंती पहिल्याच दिशी हुती म्हणं. पोरगी बोलायला धीट हाय, एवढंच बघितलं तिनं. बुधवारी सुपारी फोडायचीय. स्वाती घरात नाचतीया निस्ती. तुजी आई म्हणती, तुजं बघून दिस बदलायचा असंल तर तसं कळीव."

"कळवत नाही, तात्या," मी म्हणालो. "येतो."