आबांनी सहादा बसवलेला पाय

माझ्या डाव्या नडगीचं हाड जन्मापासूनच कच्चं. उंबऱ्यावर ठेच लागली तरी मोडायचं. माझे वडील, म्हणजे आबा, धारूरकडच्या आमच्या गावात हाडं बसवायचे. पंचक्रोशीतले लोक मोडलेली माणसं गाडीत घालून आमच्या दारी आणायचे. घरातलीच पोर लंगडताना दिसली की म्हणायचे, दिव्याखाली अंधार! मला संताप यायचा. तो पाय सहा वेळा मोडला होता आणि सहाही वेळा आबांनीच मला उभी केली होती.

सतराव्या वर्षी त्याच पायाच्या पोटरीत गाठ आली. आधी लिंबाएवढी, सुगीपर्यंत पेरूएवढी. दुखत नव्हती. "हाडच वाढलंय," म्हणून आबा रोज करडईचं तेल चोळून बांबूच्या कामट्या आवळायचे. एकदा तेल लावताना मायनं गाठ चिमटीत धरून हलवली.

"हाड कुटं असं हालतंय का? ही मासात हाय."

"तुला काय कळतंय हाडातलं?"

"न्हाई कळत. म्हनून तर सांगायले."

आबांच्या बोटांना ते कळलं नसेल, हे मला आजही पटत नाही. हाडाचं दुखणं नसेल तर त्यांच्या हाती काहीच उरत नव्हतं. त्या कामट्यांत आणखी दोन महिने गेले. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गाठ वाढून कामट्या बसेनात तेव्हा आम्ही गाडी जुंपली. निजामाची सरहद्द ओलांडून इंग्रजी मुलखातल्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडाचा रोग जुना, ही मांसातली गाठ निराळी. दोन्ही एकाच पायात त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. गाठ छातीपर्यंत पसरली तर मुलगी जाईल. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागेल.

संमतीच्या कागदावर अंगठा आबांनी द्यायचा होता. ते कागदाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "तू काय म्हनतीस?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. "कापू द्या," मी म्हणाले. मला जगायचं होतं.

भूल उतरली तेव्हा आबा जवळ नव्हते. मायनं सांगितलं, कापलेला पाय डॉक्टरीणबाईंकडून मागून घेऊन ते मागच्या अंगणात त्याचं हाड तपासत बसलेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक इथं पडलीय आणि बाप पायापाशी!

ते आले तेव्हा डोळे सुजलेले होते. "हाड नीट हाय गं. साही जोड धरलेत," ते म्हणाले. मग म्हणाले, "गाठ हाडाला कुटंच चिकटली नव्हती. तुज्या मायला आदीच कळलं हुतं."



"आबा, माज्याकडं बगा," मी म्हणाले.

त्यांना बघवलं नाही. पाय जिथे संपत होता तिथे त्यांनी सवयीनं हात नेला, आणि न टेकवताच मागे घेतला.