गुरं येईस्तोवर

आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूएवढं लांबलचक बोलणारा माणूस दुसरा न्हाय, आन असलाच तर त्यो अजून त्याच्या पहिल्या वाक्यातच अडकून पडला असंल. बायको त्येंला दाजी म्हणती म्हणून मीबी दाजीच म्हणतो. दाजींचा आजार एकच, कुठलीबी गोष्ट मधून सुरू करायची न्हाय. म्हशीला वैरण टाकली का म्हणून इचारलं, तर ती म्हैस कोणच्या बाजारातून आणली, तवा संगं कोण व्हतं, आन त्या संगंच्या माणसाचं लगीन का मोडलं, एवढं सगळं झाल्यावर मग वैरणीची पेंडी निघती. तवर म्हैस बिचारी दावं चावत बसती. एकदा एका परक्या माणसानं येडशीच्या ठेसनाची वाट इचारली. दाजींनी आदी रूळ कसे पडले हितनं धरलं. रूळ पडेस्तोवर गाडी शिट्टी मारून निघून गेली. त्यो माणूस दाजींच्याच घरी जेवला, मुक्कामाला ऱ्हायला, आन आता आमच्यात लगीन निघालं की आहेर घेऊन येतो. वाट त्येला अजून सांगून झाली न्हाय.

दुसरं म्हंजे दाजी जनावरांला आहो-जाहो करतात आन माणसांला अरे-तुरे. म्हशीला म्हणणार, "उठा बाई, ऊन उतरलं." मला म्हणणार, "ऊठ की रं, लोळतोयस काय." एकदा म्या रुसून इचारलं, दाजी, माझी इज्जत म्हशीपेक्षा कमी का? तर म्हणले, "त्या दूध देतात." म्या उठून म्हशीला वैरण टाकली. शाळेत मी गेलो व्हतो, न्हाय असं न्हाय, पण भिंतीपर्यंतच. आत शिकवायचा आवाज तेवढा कानावर पडलाय. त्यामुळं उत्तर सुचायला मला दोन-चार दिस लागतात, आन तवर समोरचा माणूस घरी जाऊन झोपलेला असतो.

आमच्या सासऱ्यांनी आमा दोघांला लग्नात सारखीच घड्याळं दिली. माझं पयल्याच पोळ्याला बैल धुताना तळ्यात गेलं. तवापासनं तळ्यातले मासे वेळेवर उठतात असं दाजी पाव्हण्यारावळ्यांत सांगत असतात. त्येंचं घड्याळ अजून मनगटावर हाय, पण त्येला चावी म्हणून कधी दिली न्हाय. सासऱ्याची भेट हाय, वापरून झिजवायची न्हाय, असं त्येंचं म्हणणं. वेळ इचारली की ते आदी त्या बंद घड्याळाकडं बघतात, मान हलवतात, आन मग रानाकडं बघून वेळ सांगतात. गुरं निघाली की सकाळ. झाडाखाली बसली की दुपार. तळ्यावर पाण्याला आली की दिवस कलला. आमच्या गावात आजपतुर ह्यात कधी चूक झाली न्हाय. मोबाईलची बॅटरी उतरती, गुरांची तहान काय उतरत न्हाय.

आता ह्या तळ्याचंच सांगायचं हाय. तळ्याला एका अंगानं बांध, त्येला दगडं लावलेली, तिथं गुराचा पाय मोडतो. दुसऱ्या अंगानं गाळ, तिथं म्हैस रुतली तर ट्रॅक्टर लावून काढावी लागती. मधी एकच मुरमाचा उतार, तिथनं सारी गुरं पाण्यावर उतरतात. उतार व्हता एकाच्या खाजगी रानात, पण त्यानं कधी अडवलं न्हाय, त्याच्या बापानंबी न्हाय. कागदावर मात्र त्या वाटंचं नाव न्हाय. ते रान एका बंगलेवाल्या कंपनीनं घेतलं. तळ्याकाठी बंगले, बाग, झोके, आन भवतीनं भिंत, थेट पाण्यापतुर. त्येला ग्रामसभेची मंजुरी पायजे व्हती.

गावात दोन तट पडले. चहाच्या टपरीवर भावाभावांनी बाकडी वाटून घेतली. एका बाकड्यावर बंगले व्हावंत म्हणणारे बंगलेवाले, ते म्हणायचे डांबरी सडक येईल, लाईट येईल, पोरं पुण्याला जायची थांबतील. दुसऱ्या बाकड्यावर उतारवाले, म्हणायचे गुरं काय डांबर पितात का. चहा दोघांला एकाच किटलीतला, पण उतारवाल्यांच्या कपात पाणी जास्ती घालतो असा टपरीवाल्यावर संशय. दाजी कुठल्याच बाकड्यावर बसायचे न्हाईत. ते बाकड्यावर बसतच न्हाईत, भुईवर उकिडवं बसतात, एसटीच्या सीटावरबी उकिडवं बसतात. त्येंचं मत काय हे कुणाला ठावं नव्हतं, कारण ते ऐकून घ्यायला लागणारी फुरसत कुणालाच नव्हती.

मी बंगलेवाला. का, तर कंपनीच्या तरण्या मॅनेजरनं मला टोपी आन शिट्टी दिली, आन गेटवर खुर्ची द्यायचा शब्द दिला. जल्मात मला कुणी बस म्हणून खुर्ची दिली नव्हती. माझं घर चालतंय एका म्हशीवर, ती म्हैस पाणी पिती त्याच उतारावर, आन त्यो उतार बंद करायला मी टोपी घालून हिंडतोय. एवढा साधा मामला माझ्या टाळक्यात शिरत नव्हता, कारण टाळक्यावर टोपी व्हती. तीच घालून मी धार काढायला बसलो. म्हशीनं मला वळखलं न्हाय. आदी बादलीला लाथ मारली, मग मला. बायको चुलीपासनं बघत व्हती. म्हणली, "जिच्या दुधावर जगता तिलाच शिट्टी मारून हाकलणार व्हय?" उत्तर सुचायला मला दोन-चार दिस लागणार व्हते, आन सभा व्हती दुसऱ्याच दिवशी.

सभा तळ्यावरच घ्यायची ठरली, म्हंजे लोकांला जागा डोळ्यानं दिसंल. मांडव कुठं टाकायचा म्हणून मॅनेजरनं मला इचारलं, आन म्या बोट दाखवलं ते बरोबर उताराच्या मधोमध. जागा झाडलेली, वारं येतंय, मागं पाणी चमकतंय. उतारवाल्यांनी ते बघितलं आन एकजणबी बोलला न्हाय. ते का गप बसले हे मला तवाच कळाया पायजे व्हतं. लाल जाजम पसरलं, खुर्च्या मांडल्या, आन मधल्या टेबलावर बंगल्यांचा छोटा देखावा ठेवला. घरं डबीएवढी, आन भवती हिरवागार रंगवलेला भुसा, गवत म्हणून. मॅनेजरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्या त्या साडूंच्या हाती माईक जाता कामा नये, जिम्मा तुमचा. म्या छाती ठोकली. टोपी सरळ केली.

सभा व्हती दुपारची. पण कंपनीचे साहेब सोलापूरकडनं यायचे, त्यांला वाटंत तुळजापूरला दर्शनाची गर्दी लागली. ते आले तर नाष्टा आला न्हाय, त्यो ढोकीवरनं यायचा व्हता. लोकं कुरबुरायला लागली. सरपंचबाई मला म्हणल्या, कुणाला तरी दोन शब्द बोलाया लावा. मला तर इकडं तिकडं कुणी दिसंना, आन जाजमावर उकिडवे बसलेले दाजी तेवढे दिसले. मनात आलं, आपलाबी नातेवाईक माईकवर बोलतोय हे साहेबांला दिसू दे. नाष्टा येईस्तोवर किती बोलंल माणूस? म्या माझ्या ह्या हातानं त्येंच्या हातात माईक दिला. मॅनेजरनं कपाळावर हात मारलेला मला दिसला, पण मला वाटलं ऊन लागलं असंल.

दाजींनी तळं खोदलं तिथनं धरलं. मोठा दुष्काळ, त्येंची आई पाटीनं माती वाहायची, आन दाजी तान्हे, इथंच उतारावर कडूलिंबाला झोळी बांधलेली. मग त्यो लिंब. मग लिंबाखाली कोण कोण जेवायचं, कुणाच्या भाकरीला कसली चव. बंगलेवाल्यांतले म्हातारेबी माना डोलवाया लागले, कारण त्येंच्याबी आया त्याच मातीत व्हत्या. नाष्टा आला, वाटून झाला, खाऊन झाला, दाजींची आई अजून पहिली पाटी रिकामी करत व्हती. मी मागनं त्येंचं धोतर वढलं. त्येंनी सावकाश माझा हात सोडवला आन म्हणले, "थांब की रं." वडिलधारं माणूस, माईक हिसकावणार कोण?

तेवढ्यात घंट्या ऐकू आल्या.

आदी धुरळा दिसला, मग शिंगं. आख्ख्या गावची गुरं, रोजच्या वेळंला, रोजच्या वाटंनं. सगळ्यांच्या म्होरं माझी म्हैस. मी मांडवाच्या तोंडाशी आडवा झालो आन जीव खाऊन शिट्टी वाजवली. ती शिट्टी ऐकून एवढंच झालं, की मागं रेंगाळलेली वासरंबी पळत आली. माझ्या म्हशीनं टोपीकडं बघितलं, वळख दिली न्हाय, आन मला बाजूला सारून जाजमावरनं चालत गेली. टेबलापाशी थांबून तिनं त्या हिरव्या भुशाला जीभ लावली, तोंड वाकडं केलं, आन बंगल्यांची एक रांग नाकानं बाजूला केली. मग मांडवाची झालर शिंगात अडकवून तळ्यात शिरली, आन नवरीवानी बसून ऱ्हायली. कुणाला इजा झाली न्हाय. गुरांनी तर माणसांपेक्षा जास्ती सांभाळून पावलं टाकली. साहेब खुर्चीवर उभे ऱ्हायले व्हते. तिथनंच त्येंनी इचारलं, "हे रोज येतात?"

माईक अजून दाजींच्याच हातात. मला वाटलं, आता हे पयल्या गायीपासनं धरतात. पण त्येंनी तळ्याकडं बघितलं आन म्हणले, "येतात साहेब. आज आपुन त्येंच्या वाटंत बसलोय."

बस. एवढं बोलून माईक माझ्या हातात दिला आन खाली उकिडवे बसले. दाजींचं बोलणं संपलेलं गावानं पयल्यांदा बघितलं.

मग सरपंचबाई म्हणल्या, भिंत पाण्यापतुर पायजे त्येंनी हात वर करा. बघतात तर हात रिकामा कुणाचा? ज्येनं त्येनं आपापलं जनावर धरलेलं, बंगलेवाल्यांनी तर दोन्ही हातानं. आख्ख्या सभेत वर हात एकट्या माझा, त्योबी टोपी सावरायला गेलेला. तळ्यातनं म्हैस माझ्याकडं टक लावून बघत व्हती, आन बायकांच्या घोळक्यातनं बायको. म्या हात खाली घेतला आन येताना त्यो टोपीबी घेऊन आला.

साहेब माणूस बरा निघाला. खुर्चीवरनं उतरल्यावर हसला, उतारावर खालीवर चालून आला. पुढच्या सभेला नवा नकाशा आला, बंगले वर माळावर आन उतार जितका रुंद तितकाच मोकळा, आता कागदावरबी. टोपी उतरली त्या दिवशी घरी येऊन मी बोडक्या डोक्यानं धार काढायला बसलो. म्हशीनं लाथ मारली न्हाय, आन माझ्या उरावरचा धोंडा कुणीतरी उचलून नेल्यागत वाटलं. डांबरी झाली, म्हणून बंगलेवालेबी खूश. टपरीवर बाकडी परत एकत्र आली. खुर्ची मला मिळाली, पण गेट न्हाय. जिथं डांबरी उताराला छेद देती तिथं मी बसतो, गुरं आली की शिट्टी मारून मोटारी थांबवतो. लातूरकडची लोकं काचा खाली करून फोटो काढतात. त्यांत मीबी येतो, बहुतेक अर्धाच.

दाजींनी औंदा त्येंची जनावरं विकली. गुडघे चालंनात. रोज दुपार कलायला लागली की काठी टेकत येतात आन माझ्या खुर्चीशेजारी उकिडवे बसतात. मी खुर्ची देतो, घेत न्हाईत. पयल्याच दिवशी म्या त्येंला इचारलं व्हतं, दाजी, खरं सांगा, गुरं येईस्तोवर तुमी त्या दिवशी मुद्दाम बोलत ऱ्हायला का? ते म्हणले, "त्येचं असं झालं बग," आन सुरू झाले ते त्येंच्या आज्यापासनं. तवापासनं रोज थोडं पुढं सरकतंय. आवाज आता बारीक झालाय, मधीच दम लागतो, मग नुसते पाण्याकडं बघत बसतात. आदी मी त्येंचं धोतर वढायचो, आता वढत न्हाय. काल कुठं त्येंच्या बापाचं लगीन लागलं. तळं खोदायचं अजून लई लांब हाय, आन मला काय घाई न्हाय.

मधनंच मी इचारतो, दाजी, किती वाजले? ते मनगटावरच्या बंद घड्याळाकडं बघतात, मान हलवतात, रानाकडं नजर लावतात. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणतात, "न्हाय आली अजून. बस."