मेंढ्या खाली, डोंगर मोकळा

ही ओळ माझी. ऑकलंडमधल्या आमच्या छोट्या गटाच्या पत्रकावर ती जाड अक्षरांत छापली होती, आणि ती पत्रकं मी पापाकुरा स्टेशनवर भर पावसात जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घालून वाटली होती. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या ज्या उंच खोऱ्याबद्दल ती होती, तिथे तोवर मी पाऊलही ठेवलं नव्हतं. मेंढ्या माथ्यावरचं गवत मुळासकट संपवताहेत, एवढं मला पाठ होतं. खोटं नव्हतं ते. अर्धं होतं.

तिथली सरकारी जमीन भाडेपट्ट्याने घेऊन मेंढ्या पाळणाऱ्याशी सरकारने करार केला. माथा राखीव, तिथे मेंढी चढणार नाही. बदल्यात खालचं सपाट रान भाडेपट्टेदाराच्या मालकीचं. जिंकलो म्हणून आम्ही केक कापला. त्या गृहस्थाने वर्षभरात रान एका दूध कंपनीला विकलं आणि शहर गाठलं. गायी आल्या, चाकांवर फिरणारे लांबच लांब फवारे आले, नदीवर हिरवा तवंग आला. मेंढपाळांची घरं ओस पडली.

२०१५च्या हिवाळ्यात मी तिथे गेले तीसुद्धा नदीचे फोटो काढायला, पुढच्या पत्रकासाठी. राहायला खोली दिली ती तिथे उरलेल्या एकमेव मेंढपाळाने. साठी उलटलेला माणूस. आता कंपनीच्याच घरात राहून कंपनीच्या शेडमध्ये शेण धुवायचा. त्याची दोन कुत्री दिवसभर साखळीला.

ओळ कुणाची हे कळल्यावर तो हसला. "तुझी होय! कुत्र्यांना वाचून दाखव ना. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही."

तिसऱ्या दिवशी जोराचा बर्फ पडला. सकाळी दुर्बिणीतून त्याला वर, कड्याखाली, ठिपके दिसले. बर्फावर मेंढी पांढरी दिसत नाही, मळकट पिवळी दिसते. शेवटच्या वेळी कळप उतरवताना सुटलेल्या होत्या त्या.

खोल बर्फात मेंढी जागची हलत नाही. उपाशी उभी राहते, शेजारणीची लोकर खाते. माणसांनी वर जायचं, बर्फ तुडवत वाट करायची, मग त्या एकीमागे एक उतरतात. पूर्वी या कामाला आठ-दहा जण निघायचे. शेजारच्या खोऱ्यातलेही यायचे, न बोलावता.

मी फोन लावले. राखीव क्षेत्राच्या कचेरीतली बाई म्हणाली, "तिथे मेंढ्या नाहीत. नोंदच नाही." कंपनीचा मॅनेजर म्हणाला, "आमच्या फक्त गायी." जुन्या भाडेपट्टेदाराने उचललाच नाही.

मेंढपाळाने कुत्री सोडली. "चल, पत्रकवाली. उतरव तुझ्या मेंढ्या."

मांडीपर्यंत बर्फ. तो पुढे तुडवायचा, मी मागून वाट रुंद करायची. दर शंभर पावलांवर मी रडकुंडीला यायचे, तो नुसता थांबायचा. कड्याखाली तेवीस होत्या. पाठी सोललेल्या. सहा जणी उठल्याच नाहीत; त्यांचं त्याने काय केलं ते मी पाहिलं नाही, मान फिरवली. उरलेल्या सतरा आमच्या वाटेने ओळीने उतरल्या. कुत्री भुंकलीसुद्धा नाहीत, गरज नव्हती. तेवढा अर्धा तास मला वाटलं, काहीतरी केलं आपण.

खाली कुंपणाशी मॅनेजर क्वाडबाइकवर उभा. "आत नाही, मेट. रोगबिग असला तर?"

"एक रात्र," मेंढपाळ म्हणाला. या माणसाला विनवताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"सॉरी."

वर राखीव, खाली खासगी, मध्ये रस्ता. रात्रभर मेंढ्या त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या, आम्ही दोन टोकांना. सकाळी त्यानेच कत्तलखान्याचा ट्रक बोलावला. एकेकीला स्वतः उचलून वर चढवलं. पायांत जोरच नव्हता त्यांच्या. मग बूट बदलून तो शेड धुवायला गेला.

आम्ही तुडवलेली वाट पुढे चार दिवस डोंगरावर दिसत होती. कड्यापासून सरळ कुंपणापर्यंत एक करडी रेघ. नदीबरोबर मी तिचाही फोटो काढला. गटाने नदीचा छापला. दुसऱ्याबद्दल म्हणाले, यात मुद्दा काय ते कळत नाही.