गाडी कोण चालवत होतं

एल्टन गिद्रीला खोटं बोलता येत नाही, सेंट ओडिल गावात कुणालाही विचारा. बोलायला गेला की त्याचे कान लाल होतात. पण त्या मंगळवारी तो बोलला, आणि असं ठासून बोलला की समोरच्या माणसाने वहीत लिहून घेतलं.

तो माणूस प्रूइट. आधी पोलिसात होता. निवृत्त झाल्यावर अमेरिकन फुटबॉलच्या एका मोठ्या संघाने त्याला ठेवून घेतलं होतं. काम एकच, संघाला जो पोरगा घ्यायचाय त्याच्या गावी जायचं आणि तो माणूस म्हणून कसा आहे ते हुंगून यायचं. गुरुवारपासून निवड होती. तीन दिवस सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजची पोरं उचलणार, आणि यंदा त्यात गावचा केनार्ड बतीस्त होता. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा. साखर कारखान्याच्या भिंतीवरसुद्धा त्याचं नाव रंगवलं होतं.

एल्टन टायरच्या दुकानात ट्रॅक्टरचं चाक उतरवत होता. प्रूइट तिथेच, ग्रीसमध्ये, बूट सांभाळत उभा राहिला.

"तू गिद्री? केनार्डचा दोस्त?"

"दोस्त कसला साहेब! शाळेच्या संघात मी सेंटर होतो. वाकायचं आणि पायांमधून चेंडू मागे त्याच्या हातात द्यायचा. चार वर्षं त्याचे हात माझ्या ढुंगणाखाली होते. लग्न झालेल्यांचंसुद्धा इतकं जवळचं नसतं."

प्रूइट हसला. मग वही काढली. "फॉन्तनोंच्या घरची वीट. ते सांग."

एल्टनच्या हातातला पाना थांबला.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेचा संघ शेवटून दुसरा सामना हरला, तो एका पंचाच्या चुकीच्या इशाऱ्यामुळे. पंच म्हणजे शेजारच्या गावचे फॉन्तनो. दोघं पोरं, सतरा-सतरा वर्षांची, एल्टनच्या बापाची गाडी घेऊन त्यांच्या घरापुढे गेली. एक वीट खिडकीतून आत गेली. काचेमागे पंचांची बायको उभी होती. कपाळाला अकरा टाके पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी केनार्ड सात मैल चालत त्यांच्या दारात गेला आणि म्हणाला, वीट मी मारली. पोलीस आले, कोर्ट झालं, पुढचा सबंध उन्हाळा त्याने त्यांचं गवत कापलं. गाडी कोण चालवत होतं ते मात्र त्याने कुणालाच सांगितलं नाही. वीट मारली त्याच महिन्यात एल्टनने शाळा सोडली. कुणी काढलं नव्हतं. वर्गात बसवत नव्हतं, एवढंच.

आता हा म्हातारा त्याच विटेवरून केनार्डला खाली ओढणार, असं एल्टनला वाटलं. डोकं फिरलं त्याचं.

"वीट त्याने मारलीच नाही," एल्टन म्हणाला. "मी मारली. त्याने माझं पाप अंगावर घेतलं. असा आहे तो. लिहा, लिहा."

प्रूइटने त्याच्या कानांकडे पाहिलं आणि लिहिलं.

तो गेल्यावर एल्टन दिवसभर शीळ घालत होता. मालक म्हणाला, "काय रे, पोरगी पटली का?" एल्टन म्हणाला, "त्याहून भारी."

बुधवारी दुपारी केनार्डचा फोन आला.

"तू काय बोललास त्या प्रूइटशी?"

"तुझं भलं केलं लेका. पार्टी देशील तेव्हा—"

"एल्टन. मी त्या संघाला फेब्रुवारीतच सगळं सांगितलंय. एका खोलीत बसवलं होतं, नऊ जण समोर. विचारलं, तुझी सगळ्यात वाईट गोष्ट सांग. मी म्हणालो, मी वीट मारली, एका बाईचं कपाळ फोडलं. गाडी चालवणाऱ्याचं नाव विचारलं, मी म्हणालो सांगणार नाही. त्यांना ते आवडलं होतं रे! आता ते मला म्हणतायत, एक तर तू तेव्हा खोटं बोललास, नाही तर दोस्ताला पढवून पाठवलंस."

एल्टन म्हणाला, "मला वाटलं ते विटेसाठी आलेत."

"वीट जुनी झाली. ते बघत होते मी आज खरं बोलतो का."

"मी फोन करतो त्याला. आत्ता."

"काय सांगशील? काल खोटं बोललो, आज खरं बोलतो? कोण ऐकेल तुझं?" केनार्ड चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता थकल्यासारखा बोलला. "ठेव. आई बोलावतेय."

एल्टन टायरच्या ढिगावर बसून राहिला. त्याला एक गोष्ट कळत होती आणि ती कळू नये असं वाटत होतं. प्रूइटला खोटंच सांगायचं होतं तर दुसरं काहीही सांगता आलं असतं. वीट मी मारली, हे म्हणायला सोपं होतं. वीट मारणारा निदान मर्द तरी वाटतो. खरं जे केलं होतं, ते त्याने प्रूइटसमोरही टाळलं. वीट गेली, आत बाई किंचाळली, केनार्ड ओरडला, "थांब! गाडी थांबव!" आणि एल्टनने पाय दाबला. उसाच्या कडेने चार मैल तो नुसता पळत सुटला. केनार्ड दाराचं हँडल धरून "थांब, थांब" करत होता, आणि एल्टन रडत होता, आणि थांबला नाही.

त्या रात्री तिथे असलेलं आणि ज्याचं प्रूइट ऐकेल असं एकच माणूस होतं. एल्टनने हात न धुताच गाडी काढली.

फॉन्तनोबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. कपाळावरची खूण भुवईपर्यंत उतरली होती. पाच वर्षांत एल्टनने ती एकदाही जवळून पाहिली नव्हती. दुकानात त्या दिसल्या की तो दुसऱ्या रांगेत शिरायचा.

"टायरवाला ना तू?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे काही पंक्चर नाही बाबा."

"मॅडम, त्या रात्री गाडी मी चालवत होतो."

त्यांच्या तोंडात कपड्यांचा चिमटा होता. तो त्यांनी काढला आणि हातात धरला.

"आणि?"

"तुम्ही ओरडलात ते मला ऐकू आलं. केनार्ड थांब म्हणत होता. मी पळालो."

बाईंनी चिमटा दोरीवर लावला. मग म्हणाल्या, "थांब, थांब असं कुणीतरी ओरडत होतं. रक्त डोळ्यात आलं होतं, दिसत काही नव्हतं, पण ऐकू येत होतं. मी नवऱ्याला पाच वर्षं सांगतेय, त्यातला एक बरा होता आणि एक हलकट. मला वाटायचं मारणारा हलकट." त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग ओरडणारा तोच होता तर. मारणारा."

"हो."

"आणि हलकट कोण?"

एल्टनचे कान पेटले. पण या वेळी खोट्याने नाही. "मी, मॅडम."

"तो पोलीसवाला मागच्या आठवड्यात आला होता. मी सांगितलं, पोराने उन्हाळाभर गवत कापलं, एक दिवस चुकला नाही. गाडीवाल्याचं विचारलं तर म्हटलं ठाऊक नाही." त्यांनी खिशातून फोन काढला. "नंबर आहे माझ्याकडे. पण मी नाही बोलणार तुझ्या वतीने. तू बोल. मी ऐकते. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मी मध्ये पडेन."

फोन स्पीकरवर लावून तो बोलला. वीट, किंकाळी, थांब, पाय दाबणं, चार मैल. मध्येच म्हणाला, "मी घाबरलो होतो," तर बाई म्हणाल्या, "ते कुणी विचारलं नाहीये." त्याने ते मागे घेतलं. शेवटी फोन त्यांनी हातात घेतला आणि म्हणाल्या, "मिस्टर प्रूइट, थांब म्हणणारा आवाज मी ऐकलाय. पोरगा खरं बोलतोय. आवडत नाही मला तो, पण खरं बोलतोय."

प्रूइट म्हणाला, "लिहितो. पण वरिष्ठांनी काल वाचलंय ते वाचलंय. कुणाचं डोकं मी धुऊन देऊ शकत नाही."

एल्टनने माफी मागितली. बाई म्हणाल्या, "ऐकली," आणि पुढचा कपडा उचलला.

शुक्रवारी केनार्डच्या आईकडे सगळं गाव जमलं; तिला सगळे मिस व्हर्नेल म्हणत. अंगणातल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून उकडलेले क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, कणसं, बटाटे ओतले होते. टीव्ही दारात आणून ठेवला होता. दुसऱ्या फेरीत प्रूइटच्या संघाची पाळी आली. ज्याला निवडतात त्याला आधी फोन येतो, म्हणून केनार्डने फोन मांडीवर ठेवला. त्या संघाने दुसरा पोरगा उचलला. तोही क्वार्टरबॅक.

"आंधळे आहेत साले!" केनार्डचा मामा ओरडला. "त्या पोराला चेंडू धरता येत नाही, लग्नात केक धरतात तसा धरतो!"

सगळे हसले. केनार्डही हसला. एल्टनकडे त्याने पाहिलं नाही, आणि कुणाला काही सांगितलंही नाही. पाच वर्षांपूर्वीसारखंच, पुन्हा नाही सांगितलं. एल्टन सोललेला क्रॉफिश हातात धरून बसला होता, तो त्याच्या तोंडात जाईना.

तिसऱ्या फेरीत फोन वाजला. उत्तरेकडचा, बर्फातला कुठलासा संघ. केनार्ड "येस सर, येस सर" म्हणाला आणि सगळं अंगण उसळलं. मामा खुर्चीवरून पडला. मिस व्हर्नेल रडत होती, नाचत होती.

"फोटो, फोटो!" ती ओरडली. "एल्टन, तू केनार्डच्या बाजूला उभा राहा. माझ्या पोराला एकटं न सोडणारा एकच दोस्त आहे, तो तू."

एल्टनला ते सहन झालं नाही. "मिस व्हर्नेल," तो म्हणाला, "ती गाडी मी चालवत होतो. आणि मंगळवारी मी त्या संघाच्या माणसाशी खोटं बोललो, म्हणून त्या संघाने याला सोडलं. आंधळे नाहीत ते."

जवळच्या चार-पाच जणांनी माना वळवल्या. लांबचे अजून ओरडत होते. केनार्ड हळूच म्हणाला, "आज कशाला रे?"

मिस व्हर्नेलने डोळे पुसले. एल्टनकडे बघत राहिली. मग त्याचा दंड धरून त्याला केनार्डच्या शेजारी ओढलं. माया नव्हती त्या ओढण्यात, दंड दुखला.

"फोटो होऊ दे," ती म्हणाली. "मग माझ्याशी बोल."

त्या फोटोत सगळे हसतायत, फक्त एल्टन आणि ती नाही. पाहुणे गेल्यावर ती बोलली. बरंच बोलली. एल्टन उभा राहून ऐकत होता, आणि शेवटपर्यंत तिथून हलला नाही.